खारकोव्हचे अक्रोड, मिरजेच्या गॅसवर

आमच्या ओट्याखाली, सगळ्यात खालच्या कप्प्यात, पुरणयंत्राच्या मागे एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला साचा आहे. ओतीव अॅल्युमिनियमचा. दोन गोल तबकड्या, मध्ये बिजागरी आणि कागद कापायच्या मोठ्या कात्रीसारखे दोन लांब दांडे. एका तबकडीत अर्ध्या अक्रोडाच्या आकाराचे बारा खळगे, दुसरीवर त्यांत बरोबर बसतील असे बारा उंचवटे. दांड्यावर धातूतच अक्षरं उमटवली आहेत: ‘ц. 3 р. 80 к.’ म्हणजे किंमत तीन रूबल ऐंशी कोपेक. सोव्हिएत काळात कित्येक वस्तूंवर किंमत अशी साच्यातच ओतलेली असायची. ती बदलेल असं कुणाच्या मनातच नव्हतं.

या साच्याला अरेश्नित्सा म्हणतात आणि त्यातून निघतात त्या अरेश्की. लिहिताना ओरेश्की, पण युक्रेनमधल्या खारकोव्हमध्ये बोलताना पहिला ‘ओ’ ऐकूच यायचा नाही. अर्थ एवढाच की छोटे अक्रोड. खुसखुशीत बिस्किटाची दोन टरफलं, आत आटवून तपकिरी केलेलं गोड दूध आणि खऱ्या अक्रोडाचा तुकडा. आपल्याकडे करंजीशिवाय जशी दिवाळी नाही, तसा तिकडे त्या पिढीत या अक्रोडांशिवाय नववर्षाचा किंवा वाढदिवसाचा टेबल नव्हता.

मी १९८५ मध्ये खारकोव्हला वैद्यकीय शिक्षणासाठी गेलो. पहिलं वर्ष ‘पोदफाक’मध्ये, म्हणजे नुसती रशियन भाषा शिकण्यात. मग सहा वर्षं डॉक्टरकी. गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मिरज सोडून पुण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक बाई पाळीवर बसायच्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या डोक्यावर टोपी नाही, सगळ्यांवर त्यांची नजर. आम्ही त्यांना त्योत्या म्हणायचो. मराठीत मावशी वेगळी, आत्या वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी. रशियनमध्ये या सगळ्यांना हा एकच शब्द, आणि रस्त्यातल्या अनोळखी बाईलाही तोच. मला तेव्हा तो शब्द फार गरीब वाटायचा. नंतर वाटलं, इतकी नाती एका बाईत मावली तर काय बिघडलं?

त्योत्या राहायच्या सल्तोव्का भागात, नऊ मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर. तिकडे जाणारी मेट्रो १९८४ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे स्थानकं अगदी कोरी दिसायची. पहिल्या डिसेंबरात मला टायफॉइडसारखा ताप आला. निदान काही वेगळंच निघालं, पण दहा दिवस अंथरुणात गेले. उठलो तेव्हा इतका वाळलो होतो, की एका रविवारी त्या मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. बाहेर उणे चौदा, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या. शेगडीवर एका मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि त्यात निळ्या-पांढऱ्या कागदाचे दोन डबे बुडवून ठेवले होते. मला वाटलं, डबे निर्जंतुक करताहेत.

ती स्गुश्चोन्का होती. साखर घातलेलं घट्ट दूध, आपल्याकडे ज्याला आपण सरळ कन्डेन्स्ड मिल्क म्हणतो. चारशे ग्रॅमचा डबा, पंचावन्न कोपेक. बंद डबा तसाच पाण्यात अडीच-तीन तास उकळायचा की आत दुधाचा रंग फिरतो. पिवळसर पांढऱ्याचा बदामी, बदामीचा तपकिरी. दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी जोडली जातात आणि त्यातून तो रंग आणि तो वास येतो. पेढ्याचा खवा परतताना येणारा वास त्याच घराण्यातला. डबा उघडल्यावर पहिला वास आला आणि मी एकदम आमच्या गल्लीतल्या पेढेवाल्याच्या कढईपाशी जाऊन उभा राहिलो. मिरज सोडून चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत मी रडलो नव्हतो. तिथे रडलो. त्योत्यांनी काही विचारलं नाही. एक चमचा हातात दिला, डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “खा, सिनोक.” सिनोक म्हणजे लेकरा, बाळा.

मग त्यांनी साचा काढला.

करण्याची रीत मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो, त्यामुळे माझ्या मापातली निम्मी मापं डोळ्यांची आहेत. तरीही लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर ती कुणाला तरी हवी असणार. अडीचशे ग्रॅम लोणी मऊ करून शंभर ग्रॅम साखरेबरोबर फेसायचं, त्यात दोन अंडी आणि चिमूटभर मीठ. अर्धा चमचा खायचा सोडा व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसवायचा आणि तसाच ओतायचा. मग मैदा, तीन पेले. पेला म्हणजे तिकडचा पैलूदार काचेचा ‘ग्रान्योनी स्ताकान’. प्रत्येक घरात तोच, म्हणून सगळ्या देशाचं माप तेच. काठोकाठ मैदा भरला तर साधारण एकशे साठ ग्रॅम बसतो. आपल्याकडचा मैदा थोडा कमी-जास्त लागतो, तेव्हा शेवटची मूठ हात राखून घाला. पीठ शंकरपाळ्यांच्या पिठापेक्षा मऊ हवं, पण बोटाला चिकटता कामा नये. अर्धा तास झाकून थंड जागी ठेवायचं.

मग गोळ्या. त्योत्या करंगळीचं टोक दाखवायच्या. मी आईला सांगताना ‘लहान सुपारीएवढी’ म्हटलं आणि तेच माप आमच्या घरात राहिलं. वजन केलं तर सात-आठ ग्रॅम. एवढ्या पिठात शंभराच्या वर गोळ्या होतात, म्हणजे पन्नासेक अक्रोड. गोळी मोठी झाली तर पीठ खळग्याबाहेर सांडतं आणि साचा मिटत नाही. छोटी झाली तर टरफलाला भोक पडतं.

साचा आधी दोन्ही बाजूंनी चांगला तापवायचा, आतून तेलाचा बोळा फिरवायचा, प्रत्येक खळग्यात एक गोळी, आणि दांडे घट्ट आवळायचे. आवळल्यावर साचा हातात किंचित उचलला जातो. सोड्यामुळे आतलं पीठ फुगून तो ढकलतं. तेवढा वेळ दांडे सोडायचे नाहीत. गॅस मध्यम, दीड-दोन मिनिटं एक बाजू, मग उलटवून तेवढीच दुसरी. बेकरीच्या दारातून येतो तसा वास सुटला की उघडून बघायचं. टरफलं सोनेरी झाली की साचा ताटात पालथा करायचा. नीट तेल लावलेलं असेल तर बाराच्या बारा खुळखुळत पडतात. तो आवाज मला फार आवडतो. कोरड्या चिंचोक्यांसारखा.

टरफलांच्या कडेला पिठाची पातळ झालर राहते. ती गरम असतानाच बोटांनी मोडायची. पहिल्यांदा मी तो सगळा चुरा गोळा करून केराच्या बादलीकडे निघालो, तेव्हा त्योत्यांनी माझं मनगट धरलं. चुरा एका वाडग्यात घेतला, त्यात उकळून घट्ट झालेली स्गुश्चोन्का ओतली, कुटलेले अक्रोड घातले आणि लाकडी चमच्याने घोटलं. सारण ते. नुसतं दूध भरलं तर ते दुसऱ्या दिवशी टरफलातून पाझरतं आणि अक्रोड ओला होतो. चुऱ्यामुळे ते जागेवर बसतं, आणि चवीला बिस्किटाचा भाजका वास येतो. मी नंतर बाजारातल्या अरेश्की खाल्ल्या, तयार टरफलांत भरलेल्याही खाल्ल्या. त्यांच्यात हा चुरा नसतो आणि मला तो पहिल्या घासात कळतो. माझ्या मते सगळ्या कृतीचं मर्म तिथे आहे. साचा नसला तर दुसरा काढता येईल, पण चुरा टाकला तर अरेश्की झाली नाही.

आई तेव्हा हयात होती. १९८८ च्या उन्हाळ्यात सुट्टीला आलो तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिने नवल केलं नाही. म्हणाली, “मग करंजीचं कातण फिरवल्यावर कडा उरतात त्या मी काय टाकते होय रे?” तिने त्या वस्तूला न बघताच नाव देऊन टाकलं, अक्रोडाच्या करंज्या.

वसतिगृहात आम्ही डबे उकळायचो आणि तिथे एक धडा मिळाला. पाणी आटलं आणि डबा उघडा पडला तर तो फुटतो. दुसऱ्या मजल्यावर एकाने डबा शेगडीवर ठेवला आणि अभ्यासाला बसला. स्फोट आम्ही चौथ्या मजल्यावर ऐकला. सुदैवाने स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. छतावरचे तपकिरी डाग आम्ही गेलो तोवर होते. म्हणून माझं सांगणं ऐका. बंद डबा उकळू नका. आताच्या डब्यांना ओढून उघडायची चकती असते आणि त्या झाकणाचा जोर आणखी कमी. दूध स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ओता, कुकरमध्ये डाळीसारखं ठेवा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास. कुकर आपोआप थंड होऊ द्या. रंग तसाच येतो. भाजल्या-पोळल्याच्या रात्रीअपरात्री आलेल्या केसेस मी तीस वर्षं बघतो आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

पुढची वर्षं कठीण होत गेली. १९८५ च्या मे महिन्यात दारूबंदीची मोहीम सुरू झाली होती. लोक घरी दारू गाळू लागले आणि दुकानांतली साखर गायब झाली. मग साखरेला तालोनी आले, म्हणजे रेशनची चिठ्ठी. नंतर लोण्यालाही. त्योत्यांच्या अरेश्कीत लोण्याच्या जागी मार्गारीन आलं, अक्रोडाच्या जागी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. तरी त्या नववर्षाला करायच्याच. गोळ्या आणखी लहान करायच्या, एवढंच.

१ डिसेंबर १९९१ ला युक्रेनमध्ये सार्वमत झालं. महिनाअखेर सोव्हिएत संघ उरला नाही. जानेवारीत किमती मोकळ्या सुटल्या आणि दुकानात रूबलबरोबर कुपोनं चालू लागली. मी एका देशात शिकायला गेलो होतो आणि जून १९९२ मध्ये दुसऱ्याच देशातून परत निघालो, त्याच खोलीतून, त्याच बसथांब्यावरून.

निघायच्या आदल्या दिवशी त्योत्या वसतिगृहात आल्या. पाळी नव्हती त्यांची. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं जड पुडकं. मी नको म्हटलं. दुकानात तेव्हा साचे मिळत नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांनी ते माझ्या बॅगेत शरीररचनेच्या अॅटलासाच्या दोन खंडांमध्ये खोचलं आणि बॅगेचा पट्टा स्वतः आवळला. विमानाला वीस किलोची मर्यादा होती. मी हिवाळ्याचा कोट आणि बूट मागे ठेवले. मिरजेत त्यांचं काय काम होतं म्हणा.

पत्रं काही वर्षं चालली. मग माझं लग्न, दवाखाना, मुलगा, आणि तिकडून एक पत्र परत आलं. पुष्कळ वर्षांनी एका जुन्या वर्गमित्रामुळे त्यांच्या लेकीशी संपर्क झाला. त्योत्या २००४ मध्ये गेल्या होत्या. लेकीने सहज सांगितलं, की आई दर डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरून शेजारणीची अरेश्नित्सा मागून आणायची. माझ्यापुढे फोन होता आणि मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. बारा वर्षं त्या बाईने साचा उसना आणला, कारण त्यांचा माझ्या ओट्याखाली होता.

मी दर डिसेंबरात करतो. मिरजेत डिसेंबर-जानेवारीच बरा, उन्हाळ्यात गोळ्या वळेपर्यंत लोणी सुटतं. घरचं लोणी चालतं, पण ताकाचा अंश जाईपर्यंत थंड पाण्याने चार-पाचदा धुवा. एकदा बायकोने सुचवलं म्हणून साजूक तुपात केलं. वास अप्रतिम आला, पण टरफलं नानकटाईसारखी भुसभुशीत झाली आणि भरताना बोटात फुटली. तुपात पाणी नसतं, त्यामुळे पिठाला धरून ठेवायला काही उरत नाही. आईसाठी अंड्याऐवजी चक्का घालून करायचो. जरा मऊ व्हायच्या, पण त्या तिला आवडायच्या.

२०२२ साली मात्र मी साचा फेब्रुवारीच्या शेवटी काढला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्या २४ तारखेच्या बातमीनंतर दवाखान्यातून घरी आलो की टीव्हीसमोर बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. पडद्यावर सल्तोव्का होती. नऊ मजली इमारतींच्या ओळी, मधूनच एखादीची अख्खी भिंत नाही, आतला स्वयंपाकघराचा कोपरा उघडा. त्योत्यांची लेक मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोल्ताव्हाला पोचली, तोवर मी रात्री पीठ मळत होतो. तीनदा केल्या. डबे भरून शेजारीपाजारी वाटल्या. कशासाठी केल्या हे कुणी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्याच महिन्यात तासगावचे एक जुने परिचित आपल्या मुलीला घेऊन आले. हे तिला विचारूनच लिहितोय. खारकीव्हला वैद्यकीय शाखेच्या चौथ्या वर्षाला होती. भारतीय विद्यार्थ्यांना शहर सोडायला सांगितलं त्या २ मार्चला ती शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चालत गेली, तिथून पुढे पश्चिमेकडे, मग सीमा आणि सरकारी विमान. त्याआधीच्या रात्री तिने मेट्रोच्या स्थानकात काढल्या होत्या. मी गेलो तेव्हा जी मार्गिका कोरी होती, तीच. वडील म्हणाले, “डॉक्टर, घरात कुणाशी बोलत नाही. तुम्ही तिकडचे, तुम्ही बघा.”

मी तिच्याशी रशियनमध्ये बोललो. बस म्हटलं, चहा घेतेस का विचारलं. तिने मान वर करून पाहिलं आणि त्याच भाषेत, लिंबू असेल तर, असं उत्तर दिलं. मी वर घरात गेलो, चहा केला आणि बशीत चार अक्रोड ठेवून आणले.

ती बशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “होरिश्की!”

“अरेश्की,” मी म्हटलं.

“नाही सर. म्हणजे तेच, पण आमची ताई होरिश्की म्हणायची. हल्ली सगळे होरिश्कीच म्हणतात.”

होरिश्की हा युक्रेनियन शब्द. मी होतो तेव्हा खारकोव्हच्या रस्त्यावर तो क्वचित कानावर यायचा. तिच्यासाठी शहर खारकीव्ह, वस्ती साल्तीव्का, अक्रोड होरिश्की. माझ्या तोंडातली सगळी नावं जुनी झाली होती, आणि तिने ती दुरुस्त करताना पहिल्यांदा तिचा आवाज नीट बाहेर आला. मला ते फार बरं वाटलं. मी तिला एकेक वस्तूचं नाव विचारत गेलो. चमचा, साखर, खिडकी, बर्फ. ती सांगत गेली. वडील दाराशी उभे होते, त्यांना दोन्ही भाषा कळत नव्हत्या. ते नुसते तिच्याकडे बघत होते. चार अक्रोडांपैकी तिने तीन खाल्ले. उघडून आतलं सारण पाहिलं आणि म्हणाली, “यात चुरा आहे.” ताईही घालायची म्हणे. ताई म्हणजे ती ज्यांच्याकडे भाड्याने राहायची त्या घरमालकीणबाई. त्या आता जर्मनीत आहेत.

जाताना मी उरलेल्या डब्यात भरून दिल्या. पंधरा दिवसांनी डबा परत आला, त्यात तासगावचे बेदाणे काठोकाठ. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत तिच्या आईनेही पाळली.

गेल्या डिसेंबरात तिने साचा मागितला. आता ती दुसऱ्या देशात शिक्षण पुरं करून परतली आहे, परीक्षेचा अभ्यास चालू आहे. मी साचा त्याच फडक्यात गुंडाळून दिला, बरोबर तीन पेले मैद्याचं माप लिहून. चार दिवसांनी तिचा फोटो आला. पहिल्या खेपेची बाराच्या बारा टरफलं खळग्यांना चिकटून तुकडे झालेली, आणि खाली प्रश्न, काय चुकलं. पहिली खेप चिकटतेच, मी कळवलं. ते तुकडे टाकू नकोस, सारणात घाल, आणि साचा अजून पाच मिनिटं तापव. रात्री दुसरा फोटो आला. ताटभर अक्रोड, एक मधून कापलेला, आत अक्रोडाच्या तुकड्याऐवजी बेदाणा.

साचा अजून तासगावलाच आहे.